विमान तिकिटाची तेजी-मंदी

निपाणीच्या पेठेतील तंबाखूचा भाव, संकेश्वरच्या मिरचीचा भाव, कोल्हापूरच्या गुळाचा भाव ज्यांच्या कानी दुकानाची फळी उघडण्यापूर्वीच पडलेला असतो, असे आमचे व्यापारी बंधू विमानाचे तिकीट घेताना मात्र कसलीही चौकशी न करता पैसे मोजून मोकळे होतात, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ दिवसांपासून नवलाची वाटत आली आहे. चार पोती साखर घ्यावयाची तर तीन ठिकाणी विचारपूस करणारा मनुष्य, दिल्लीची चार तिकिटे घेताना पडद्यावर जो आकडा प्रथम दिसेल तो जणू ब्रह्मलिखित आहे असे समजतो. ह्याचे कारण निष्काळजीपणा नव्हे. जिनसांच्या भावामागे काय चालते हे त्यास वाडवडिलांपासून ठाऊक आहे. विमानाच्या भावामागे काय चालते ते त्यास कोणी समजावून सांगितलेले नाही. ते यथामति सांगावे, आणि ‘प्राइस अलर्ट’ ह्या नावाची जी सोय हल्ली मोबाईलवर विनामूल्य मिळते तिचा उपयोग आपल्या बेळगाव-निपाणी भागातील कुटुंबांस कसा होईल ह्याचा थोडा ऊहापोह करावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. सदर सोयीस आम्ही पुढे ‘भाव-सूचना’ असे म्हणू.

विषय मनात आला तो एका घरगुती प्रसंगावरून. आमची धाकटी कन्या व जावई नोकरीनिमित्त दिल्लीस असतात. दिवाळीत वहीपूजन असल्यामुळे दुकान सोडून आम्हांस कोठे जाता येत नाही. तेव्हा मुलांनीच घरी यावे असा आमच्याकडे परिपाठ आहे. काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीस असे झाले की, तिकिटे बाबा आपल्या नेहमीच्या एजंटाकडून काढतील असे मुलीस वाटले, आणि जावईबापू आपल्या कचेरीतूनच व्यवस्था करतील असे आम्हांस वाटले. दोन्ही घरे निश्चिंत राहिली. आठ दिवस उरले असता चौकशी केली, तो तिघांच्या जाण्यायेण्याची रक्कम आमच्या दुकानातील दोन गुमास्त्यांच्या महिन्याच्या पगाराहून अधिक भरली. मुलगी दूरध्वनीवर म्हणाली, “बाबा, ह्या खेपेस राहू द्या.” आम्हीही “बरे” म्हणालो. लाडू-चकल्यांचा डबा कुरियरने दिल्लीस रवाना झाला, आणि आमच्या सौभाग्यवतींनी आकाशकंदील लावला तो कोणाशी न बोलता. ते पैसे आमच्यापाशी नव्हते असे नाही. परंतु जी वस्तू महिन्यापूर्वी निम्म्या भावाने मिळत होती ती दुप्पट देऊन घेण्यास व्यापाऱ्याचा हात धजत नाही. त्या दिवसापासून ह्या भावाचे गूढ काय आहे ते पाहण्याचा आम्ही नाद घेतला.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विमानातील आसन हा नाशिवंत माल आहे. मेथीची जुडी सायंकाळपर्यंत विकली गेली नाही तर ती निदान गुरांना तरी घालता येते. विमानाने जमीन सोडली की रिकाम्या आसनाची किंमत शून्य. मग बाजाराच्या नेहमीच्या न्यायाने, सुटण्याची वेळ जवळ येईल तसतसा भाव पडावयास हवा. भाजीवाली दिवेलागणीस जुड्या स्वस्त करते, तसेच येथेही व्हावे. प्रत्यक्षात बहुधा नेमके उलटे घडते, आणि आपला व्यापारी येथेच फसतो. ‘शेवटी स्वस्त होईल’ म्हणून तो थांबतो, आणि शेवटीच सर्वांत महाग होते.

ह्याचे इंगित गिऱ्हाइकात आहे, मालात नाही. महिना-दोन महिने आधी तिकीट घेणारा मनुष्य सहलीस, लग्नास, यात्रेस जाणारा असतो. भाव जास्त वाटला तर तो आगगाडीने जाईल, तारीख बदलील, किंवा जाणारच नाही. आदल्या दिवशी येणारा मनुष्य मात्र अडलेला असतो. कोणाची कोर्टाची तारीख असते, कोणाच्या घरी आजारपण असते, कोणास मोठ्या सौद्यासाठी उद्याच पोहोचावयाचे असते. तो मागतील तेवढे देतो. तेव्हा विमान कंपनीपुढील प्रश्न असा की, आज स्वस्तात मागणाऱ्यास आसन द्यावे, की उद्या येऊ शकणाऱ्या अडलेल्या गिऱ्हाइकासाठी ते राखून ठेवावे? १९७२ मध्ये ब्रिटनच्या बीओएसी ह्या कंपनीतील केन लिटलवुड ह्यांनी ह्याचा हिशेब मांडला. उद्याचे महाग गिऱ्हाईक येण्याचा संभव किती, त्यास त्याच्या भाड्याने गुणावे. हा गुणाकार आजच्या स्वस्त भाड्याहून कमी असेल तोवरच स्वस्त तिकीट विकावे. नियम एवढाच, पण पुढील सारे शास्त्र त्यावर उभे राहिले. अमेरिकेत १९७८ मध्ये भाड्यावरील सरकारी नियंत्रण उठल्यावर पीपल एक्सप्रेस नावाच्या नव्या कंपनीने अतिशय स्वस्त तिकिटे काढून जुन्या कंपन्यांस जेरीस आणले होते. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने, रॉबर्ट क्रँडल ह्यांच्या कारकिर्दीत, संगणकाच्या साहाय्याने असा डाव टाकला की, लवकर घेणाऱ्यांस काही आसने तितक्याच स्वस्तात द्यावयाची आणि उरलेली उशिरा येणाऱ्यांसाठी पूर्ण भावाने राखावयाची. सुमारे दोन वर्षांत पीपल एक्सप्रेस नामशेष झाली.

अडलेल्या गिऱ्हाइकाकडून दुप्पट घेणारा दुकानदार आपल्या पेठेत फार दिवस टिकत नाही, कारण ते गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याच ओट्यावर यावयाचे असते व चार ठिकाणी बोलावयाचे असते. विमान कंपनीस ओटा नाही. असो.

आता हा भाव प्रत्यक्ष ठरतो कसा ते पाहू. एकाच विमानातील एकाच वर्गाची आसने कंपनी अनेक भाव-पायऱ्यांत वाटून ठेवते. पहिल्या पायरीवर काही थोडी आसने सर्वांत स्वस्त, ती संपली की दुसरी पायरी, मग तिसरी. शेजारी शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी दिलेल्या रकमेत दुपटीचे अंतर असते ते ह्यामुळेच. पायरीवरील आसने कमीअधिक करण्याचे काम संगणक अहोरात्र करीत असतो. विक्री मंद असेल तर खालची पायरी पुन्हा उघडते, आणि त्यामुळे चढलेला भाव कधी कधी उतरतोही. भाव-सूचनेचा सारा उपयोग ह्या उतरण्यात आहे. आपण वारंवार चौकशी केली म्हणून कंपनी मुद्दाम भाव चढविते असा एक समज आपल्याकडे प्रचलित आहे. पण सकाळी पाहिलेला भाव दुपारी चढलेला दिसतो तो पुष्कळदा दरम्यान खालच्या पायरीवरील आसने दुसऱ्या कोणी घेतल्यामुळे, हे ध्यानी ठेवल्यास ह्या शंकेचे बरेचसे निरसन होईल.

पायऱ्यांच्या ह्या रचनेतून एक गोष्ट निष्पन्न होते, ती आपल्या मोठ्या कुटुंबांनी अवश्य जाणून घ्यावी. समजा, स्वस्त पायरीवर दोनच आसने शिल्लक आहेत आणि आपण एकदम सहा तिकिटे मागितली. संगणक दोन स्वस्त व चार महाग असे तोडून सांगत नाही. जेथे सहाही एकत्र मिळतात त्या वरच्या पायरीचा भाव तो सहांनाही लावतो. म्हणून प्रथम एका आसनाचा भाव पाहावा, मग दोघांचा, मग सहांचा. फरक दिसल्यास दोन तिकिटे वेगळी व चार वेगळी काढावी. ह्यात एक दोष आहे, तो असा की विमान रद्द झाले वा वेळ बदलली तर दोन्ही तिकिटांची तजवीज वेगवेगळी करावी लागते. लहान मूल किंवा वृद्ध मातोश्री एका तिकिटावर एकट्या राहणार नाहीत एवढी दक्षता घ्यावी.

आपल्या देशात हा सारा प्रकार अलीकडचा आहे. १९५३ च्या कायद्याने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे देशांतर्गत विमानाचे भाडे एस.टी.च्या दरपत्रकाप्रमाणे ठरलेले असे. आज घ्या, महिन्याने घ्या, रक्कम तीच. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ ह्यांच्या एअर डेक्कनने स्वस्त विमानसेवा सुरू केली, आणि तिच्या एक रुपयाच्या तिकिटाची गोष्ट अजूनही आपल्या ओट्यांवर सांगितली जाते. ती तिकिटे म्हणजे पहिल्या पायरीवरील मूठभर आसने होती, हे मात्र सांगणारे सांगत नाहीत. करोनाच्या साथीत मे २०२० पासून सरकारने भाड्यास खालची व वरची मर्यादा घातली होती. ती ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संपली, आणि भाव ठरविण्याचा अधिकार पुन्हा कंपन्यांच्या हाती गेला.

आपल्या भागापुरते बोलावयाचे तर सांबऱ्याचा विमानतळ हा मूळचा दुसऱ्या महायुद्धातील. १९४२ मध्ये ब्रिटिश हवाईदलाने तो बांधला. नवी इमारत झाली ती सप्टेंबर २०१७ मध्ये. ‘उडान’ योजनेच्या तिसऱ्या फेरीत, २०१९ मध्ये, बेळगावचे नाव आले. कोल्हापूर त्यापूर्वीच, पहिल्या फेरीत आले होते. कोल्हापूर जिल्ह्यातील घोडावत उद्योगसमूहाची स्टार एअर ही कंपनीही २०१९ मध्येच उड्डाणे करू लागली व बेळगावहून जाऊ लागली, तेव्हा आपल्या पेठेत केवढे कौतुक झाले होते ते सभासदांस स्मरत असेल. ‘उडान’मध्ये सुमारे तासाभराच्या प्रवासास अडीच हजार रुपयांच्या आसपासची मर्यादा होती, परंतु ती विमानातील ठराविक आसनांनाच, आणि कंपनीस मिळणारे सरकारी साहाय्य प्रत्येक मार्गास तीन वर्षांचेच. ती मुदत संपली की मार्ग एक तर बाजारभावाने चालतो, नाही तर बंद होतो. ‘पूर्वी अडीच हजारात जात होतो’ असे जे आपण ऐकतो त्याचे उत्तर हे आहे.

दुसरे असे की, मोठ्या शहरांच्या दरम्यान धावणाऱ्या विमानात १८० च्या घरात आसने असतात. आपल्याकडे येणारी विमाने पुष्कळदा लहान असतात. स्टार एअरच्या एम्ब्रेअर १४५ ह्या विमानात ५० आसने, तर एटीआर जातीच्या पंख्याच्या विमानात ७८ पर्यंत. पन्नास आसनांत स्वस्त पायरीवर असून असून किती असणार? एक वऱ्हाड त्यात शिरले की भाव चढलाच. म्हणूनच मुंबई-दिल्ली मार्गावरचे ठोकताळे सांबऱ्यास लागू पडत नाहीत, आणि आपल्या भागातील प्रवाशास भावावर पाळत ठेवण्याची गरज शहरवासीयाहून अधिक आहे, असे आमचे मत झाले आहे.

ही पाळत यंत्राकडून ठेवून घेण्याची कल्पना कोणास सुचली त्याची हकीकत मनोरंजक आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक ओरेन एट्झिओनी हे धाकट्या भावाच्या लग्नासाठी सिॲटलहून लॉस एंजेलिसला निघाले होते. लवकर घेतलेले तिकीट स्वस्त, ह्या समजुतीने त्यांनी कित्येक आठवडे आधी तिकीट काढले होते. विमानात शेजाऱ्याला सहज विचारले, तर त्याने मागाहून घेऊनही कमी पैसे दिलेले! आपल्यापैकी कोणी असता तर प्रवासभर चरफडत बसला असता. प्राध्यापकांनी घरी आल्यावर भावाच्या नोंदी जमविण्यास आरंभ केला. ४१ दिवसांत बारा हजारांवर नोंदी जमल्या. त्यांवरून भाव चढेल की उतरेल ह्याचे अनुमान संगणकास करता येते, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मधील एका निबंधात दाखविले. त्यातून फेअरकास्ट नावाची कंपनी निघाली, ती २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, आणि २०१४ मध्ये ते भाकीत सांगण्याचे काम बंदही झाले. परंतु भावाची नोंद ठेवणे व बदल होताच गिऱ्हाइकास कळविणे ही गोष्ट टिकून राहिली. २०११ मध्ये सुरू झालेले गूगल फ्लाइट्स, तसेच स्कायस्कॅनर, कायक अशा अनेक ठिकाणी ती आज मिळते.

उपयोगाची रीत अगदी सोपी आहे. घरातील शाळकरी मुलगाही ती दाखवील. गूगल फ्लाइट्सच्या पानावर कोठून, कोठे व कोणत्या तारखा हे भरावे, आणि भावावर पाळत ठेवण्याचे जे बटण तेथे असते ते सरकवावे. भावात म्हणण्यासारखा बदल झाला की ई-मेल येते. तारीख निश्चित नसल्यास कोणत्याही तारखेसाठी पाळत ठेवण्याचीही सोय आहे. त्याच पानावर भावाचा आलेख दिसतो, आणि आजचा भाव त्या मार्गाच्या नेहमीच्या मानाने कमी, मध्यम की चढा, हेही बहुधा लिहिलेले असते. आमच्या मते सूचनेपेक्षाही हा आलेख मोलाचा आहे. ज्यास नेहमीचा भाव ठाऊक नाही त्यास स्वस्त काय व महाग काय हे कळणार कसे? महिनाभर नुसता भाव पाहत राहावे. खरेदी मग आपोआप शहाणपणाने होते.

मात्र सूचना एकाच विमानतळाची लावून आपल्या भागातील मनुष्याने समाधान मानू नये. आपण अशा जागी राहतो की चोहोबाजूंस विमानतळ आहेत. निपाणीकरास कोल्हापूरचे उजळाईवाडी सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे सांबऱ्याच्या निम्म्याने जवळ. बेळगावकरास हुबळी सुमारे १०० किलोमीटर. आणि घाट उतरून जाण्याची तयारी असेल तर गोवा. गोव्यास विमानतळ दोन आहेत हे विसरू नये. दाबोळीचा जुना, आणि जानेवारी २०२३ पासून चालू झालेला मोपा येथील मनोहर विमानतळ. संगणकावर ह्यांची चिन्हे वेगवेगळी आहेत. बेळगाव आयएक्सजी, कोल्हापूर केएलएच, हुबळी एचबीएक्स, दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. मोपाचे तिकीट काढून दाबोळीस जाऊन उभे राहिलेले एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. प्रत्येक ठिकाणची सूचना वेगळी लावावी. कोठून कोठे थेट विमान आहे हे कायमचे समजू नये. विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते, आणि त्या सुमारास मार्ग निघतात व बंदही होतात. तसेच लहान कंपन्यांची विमाने सर्वच शोधपानांवर दिसतात असे नाही, म्हणून कंपनीच्या स्वतःच्या पानावर आठवड्यातून एकदा नजर टाकावी.

भाव कळला की हिशेब घरापासून घरापर्यंतचा करावा. पडद्यावरील आकडा म्हणजे गोदामातला भाव. माल घरी पडतो कितीला ते वेगळेच. निपाणीहून सांबऱ्यास जावयाचे तर हत्तरगीचा टोलनाका, कोल्हापूरकडे जावयाचे तर कोगनोळीचा. मोपास आजरा-आंबोलीमार्गे मोटार न्यावयाची तर तीन-साडेतीन तासांचे तेल व चालकाचा दिवस. पहाटेचे विमान असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम. तिकिटात सामानाचे वजन किती धरले आहे, आसन निवडण्याचे पैसे वेगळे आहेत काय, शेवटच्या पानावर ‘सुविधा शुल्क’ किती लागते, हे सारे मिळवावे. आणि आगगाडीचा विचार सोडू नये. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बंगळूर वंदे भारत गाडी सुरू झाली आहे. बंगळूरच्या विमानतळापासून शहरात येण्यास लागणारा वेळ व मोटारीचे भाडे ज्यांनी मोजले आहे त्यांस ही तुलना निराळी सांगावयास नको. उलटपक्षी, धंद्याच्या प्रवासात दुकानाचा जीएसटी क्रमांक तिकीट काढतानाच द्यावा. इकॉनॉमी वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के कर असतो, आणि व्यवसायासाठीच्या प्रवासात त्याची वजावट मिळू शकते. ह्याबाबत आपल्या कर-सल्लागारास विचारावे.

आता आमच्या घरच्या दिवाळीकडे पुन्हा वळू. पुढच्या वर्षी राखीपौर्णिमेच्या सुमारासच आम्ही दिल्लीहून बेळगाव, पुणे व मोपा अशा तीन सूचना लावल्या. दीड महिना संदेश येत राहिले; भाव कधी तीनशेने वर, कधी पाचशेने खाली. सप्टेंबरात एका सकाळी बेळगावचा भाव एकदम उतरला. मुलीचा दूरध्वनी आला, “बाबा, घेऊ का?” येथे आमच्यातील व्यापारी जागा झाला. आम्ही म्हणालो, “उतरतो आहे तर अजून उतरेल, दोन दिवस थांब.” दुसऱ्या दिवशी सायंकाळी तोच भाव दीडपटीच्या वर गेला आणि पुन्हा खाली म्हणून आलाच नाही. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. ते बोलण्याहून अधिक लागले. अखेर आठवड्याने मोपाची सूचना आली ती मात्र त्याच घटकेस पक्की केली. आणावयास गाडी घेऊन आम्ही स्वतः आंबोली उतरलो. तेल, टोल, वाटेतील न्याहारी सारे मांडून पाहिले तेव्हा बचत म्हणावी तशी मोठी नव्हती. बेळगावची संधी साधली असती तर ती ह्याच्या दुपटीहून अधिक झाली असती. परंतु वहीपूजनाच्या रात्री नातू गादीवर बसून नव्या वहीवर कुंकवाचे बोट उमटवीत होता.

त्या अनुभवापासून आम्ही एक नेम केला आहे. सूचना लावतानाच आपणास परवडणारा भाव कागदावर लिहून ठेवावयाचा, आणि तो आला की चर्चा न करता घ्यावयाचे. घेतल्यानंतर पुन्हा भाव पाहू नये. सूचनाही त्याच दिवशी बंद करावी, कारण मागाहून आणखी उतरल्याचा संदेश आला तर मनास विनाकारण टोचणी लागते. घेतलेले तिकीट रद्द करावयाची पाळी आलीच तर एवढे जाणावे की, परत न मिळणाऱ्या तिकिटावरही विमानतळाचे शुल्क व तत्सम वैधानिक रकमा प्रवाशास परत मिळावयास हव्यात, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. पुष्कळ जण त्या मागतच नाहीत.

सूचनेतील दुवा दाबल्यावर कधी कधी अपरिचित विक्रेत्याचे पान उघडते, आणि तेथे तिकीट दोन-तीनशे रुपयांनी स्वस्त दिसते. आम्ही एकदा त्या मोहात पडलो. विमानाची वेळ बदलली तेव्हा विमान कंपनी म्हणे विक्रेत्यास विचारा, विक्रेता म्हणे कंपनीस विचारा. परतावा मिळण्यास चार महिने लागले. तेव्हापासून भाव कोठेही कळो, खरेदी आम्ही कंपनीच्या पानावरून किंवा आपल्या गावच्या माहितीतल्या एजंटाकडूनच करतो. भाव-सूचनेच्या नावाने येणारे खोटे संदेशही हल्ली फार झाले आहेत. खरी सूचना केवळ भाव कळविते. ती ओटीपी विचारीत नाही, पैसे भरण्याची घाई करीत नाही. फसगत झाल्यास विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे.

आणि काही प्रसंगी ही सोय मुळीच कामाची नाही. आजारपण, मृत्यू अशा वेळी भाव पाहू नये. जे मिळेल ते घ्यावे व निघावे. दहा किंवा अधिक माणसांचा संघ शिखरजीस वा अन्यत्र निघावयाचा असेल तर भाव-सूचनेवर विसंबण्यापेक्षा एजंटामार्फत कंपनीकडे समूहाचा भाव मागावा. त्यात रक्कम सर्वांस एकच पडते, आणि नावे मागाहून देण्याचीही सवलत बहुधा मिळते. आपल्या पेठेतील एजंट मंडळींनी ह्या लेखाने आमच्यावर रुष्ट होऊ नये. दलाल आणि भावपत्रक ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि अडचणीच्या वेळी भावपत्रकास हाक मारता येत नाही.

यंदाच्या दिवाळीच्या सूचना लावून झाल्या आहेत. हा लेख लिहीत असता आजच एक संदेश आला; मोपाचा भाव एकशेचाळीस रुपयांनी खाली. आम्ही लिहून ठेवलेला आकडा अद्याप साडेसहाशेने दूर आहे. तो रोजमेळाच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवला आहे, आणि ह्या खेपेस त्या पानाची एक प्रत सौभाग्यवतींकडेही आहे.